फोर-व्हील ड्राइव्हचा एअर सस्पेन्शन कंप्रेसर बदलताना या चुका टाळा

पावसाळा निम्मा सरला की पुण्यातील गॅरेजांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते, ती म्हणजे ‘गाडी बसली’. लँड रोव्हर डिस्कव्हरी 3 किंवा 4, रेंज रोव्हर स्पोर्ट, ऑडी क्यू 7 अशा एअर सस्पेन्शनच्या, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या दाबावर तोललेल्या गाड्या सकाळी पार्किंगमध्ये चाकांवर टेकलेल्या आढळतात, डॅशबोर्डवर सस्पेन्शनच्या बिघाडाची सूचना येते आणि गाडी वर उचलली जात नाही. मालक गाडी घेऊन येतो, मेकॅनिक बिघाड वाचणारा स्कॅनर लावतो आणि दहा मिनिटांत ‘साहेब, कंप्रेसर गेला’ असा निकाल मिळतो. हा निकाल बऱ्याचदा खराही असतो. मात्र तो अर्धाच असतो, कारण कंप्रेसर कशाने गेला हे त्यात सांगितलेले नसते आणि नवा कंप्रेसर किती टिकणार हे त्या न सांगितलेल्या भागावरच ठरते.

पुढील विवेचन मुख्यतः डिस्कव्हरी 3, डिस्कव्हरी 4 आणि त्याच काळातील रेंज रोव्हर स्पोर्ट डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. इतर कंपन्यांच्या गाड्यांत भागांची जागा आणि आकार बदलतात, पण बाहेरची हवा ओढणाऱ्या पद्धतीचे तत्त्व सगळीकडे एकच आहे.

कंप्रेसरला एकट्याला दोषी धरणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. कंप्रेसर बाहेरची हवा फिल्टरमधून ओढतो, ती दाबतो, ओलावा शोषणाऱ्या दाण्यांनी भरलेल्या ड्रायरमधून पुढे पाठवतो आणि मग ती व्हॉल्व्ह ब्लॉकमार्गे, म्हणजे हवा कोठे सोडायची हे ठरवणाऱ्या झडपांच्या संचातून, हवेच्या टाकीत किंवा चार कोपऱ्यांवरील एअर स्प्रिंगमध्ये, म्हणजे हवा भरलेल्या रबरी स्प्रिंगमध्ये जाते. टाकीतील दाब दहा बारच्या वर असतो. चाकांत आपण भरतो त्या दोन-अडीच बारच्या तुलनेत तो किती आहे, हे लक्षात घ्यावे. हा कंप्रेसर सलग चालण्यासाठी बनवलेला नाही. काही मिनिटे चालावे, टाकी भरावी आणि थंड व्हावे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते.

आता एखाद्या एअर स्प्रिंगला बारीक गळती लागली असे समजा. गाडी रात्री थोडी खाली येते आणि सकाळी इंजिन सुरू होताच कंप्रेसर ती पुन्हा वर उचलतो. मालकाच्या हे लक्षातही येत नाही. कंप्रेसर मात्र रोज ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त चालतो, तापतो आणि त्याच्या पिस्टनची रिंग झिजत जाते. एवढ्याने भागत नाही. गाडी नेहमीच्या पद्धतीने खाली येते तेव्हा एअर स्प्रिंगमधील कोरडी हवा ड्रायरमधूनच उलट्या दिशेने बाहेर पडते आणि जाताना दाण्यांतील ओलावा सोबत घेऊन जाते. गळतीतून गेलेली हवा मात्र ड्रायरकडे परतच येत नाही. म्हणजे आत येणाऱ्या दमट हवेचे प्रमाण वाढते आणि ड्रायर सुकण्याची संधी घटते. ताम्हिणीतल्या किंवा वरंध्यातल्या जुलैच्या हवेत हे चक्र फिरू लागले की दाणे ओले होतात, ठिसूळ होतात, त्यांची भुकटी होते आणि ती भुकटी हवेबरोबर व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाऊन बसते. तेथे व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीत, त्यामुळे आणखी गळती सुरू होते. अशा गाडीला नुसता नवा कंप्रेसर बसवला, तर त्याच्यावर पहिल्या दिवसापासून तोच भार पडतो.

कोड वाचला, अर्थ वाचला नाही

या गाड्यांत स्कॅनरवर वारंवार दिसणारा बिघाडाचा कोड सी1ए20 हा आहे. टाकी भरताना दाब अपेक्षेपेक्षा हळू वाढत आहे, एवढेच तो सांगतो. कंप्रेसर मेला आहे, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. पिस्टनची रिंग झिजली, हवा ओढण्याचा फिल्टर तुंबला, वाटेत पाइप गळत असला, रिलेचे, म्हणजे कंप्रेसरचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचचे, संपर्क जळून कंप्रेसरला पुरेसा विद्युतदाब मिळत नसला, तरी कोड हाच येतो. सी1ए13 याचा अर्थ हवा सोडूनही दाब उतरत नाही असा आहे. तेथे हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह किंवा भुकटीने तुंबलेली बाहेरची वाट आधी तपासावी.

म्हणून कोड वाचल्यानंतर स्कॅनरवर दाबाचा आकडा प्रत्यक्ष चढताना पाहावा. कंप्रेसरचा आवाज येतो, तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर प्रवाह दाखवतो, तरीही दाब वर सरकत नाही, अशा वेळी रिंग किंवा सिलिंडर झिजल्याचा संशय बळावतो. आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग कंप्रेसरच्या कनेक्टरपाशी भाराखाली मिळणारा विद्युतदाब आणि अर्थिंग, या क्रमाने तपासावे. आणि या सगळ्याच्याही आधी बॅटरी तपासावी. उतरलेल्या बॅटरीवर या गाड्या सस्पेन्शनसकट अनेक खोटे बिघाड दाखवतात. आठवडाभर सोसायटीत उभी राहिलेली गाडी सोमवारी सकाळी सस्पेन्शनची तक्रार करू लागली, तर ती तक्रार लगेच खरी मानू नये.

एक गोष्ट आणखी. कंप्रेसर फार तापला की नियंत्रक, म्हणजे सस्पेन्शन चालवणारा गाडीतील संगणक, त्याला काही काळ चालूच देत नाही. वारंवार चाचणी घेऊन तापवलेला कंप्रेसर चालला नाही, म्हणून तो बाद ठरवण्याचा प्रकार नवा नाही. त्याला थंड होऊ द्यावे आणि मगच पुन्हा तपासावे.

गळती शोधताना फसणे

रात्रभराची चाचणी सोपी आहे. चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत टेपने अंतर मोजावे, कागदावर लिहून ठेवावे आणि सकाळी पुन्हा मोजावे. येथे एक खोच आहे आणि अनुभवी हातही तिला फसतात. गाडी बंद असतानाही सस्पेन्शनचा नियंत्रक काही तासांनी जागा होतो आणि एखादा कोपरा खाली गेलेला दिसला, तर उरलेले कोपरेही त्याच्या पातळीला आणतो. त्यामुळे एकाच स्प्रिंगची गळती सकाळी चारही बाजूंनी सारखी बसलेली गाडी दाखवते आणि ‘चारही बाजूंनी बसली म्हणजे दोष कंप्रेसरचाच’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. वस्तुतः बंद गाडी खाली बसण्याशी कंप्रेसरचा संबंध क्वचितच असतो. त्याचे काम वर उचलण्याचे आहे, धरून ठेवण्याचे काम व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग करतात. खरा कोपरा शोधायचा असेल, तर गाडी बंद करून झाल्यावर सस्पेन्शन नियंत्रकाचा फ्यूज काढून ठेवावा आणि सकाळी मोजमाप घेतल्यावरच तो परत लावावा. कोणता फ्यूज, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

कोपरा कळला की साबणाचे पाणी. भांड्यांच्या साबणाचे दाट पाणी ब्रशने एअर स्प्रिंगच्या घडीवर, वरच्या जोडणीवर आणि व्हॉल्व्ह ब्लॉकच्या प्रत्येक पाइपाच्या तोंडाशी लावावे. ही चाचणी गाडी एकाच उंचीवर ठेवून आटोपणे, ही पुढची चूक. स्प्रिंगचे रबर खालच्या टोकाशी स्वतःवरच दुमडलेले असते आणि चीर बहुधा त्या घडीतच पडते, कारण धूळ आणि खडीची कच तेथेच अडकून रबराला घासत राहते. नेहमीच्या उंचीवर ती चीर झाकलेली असू शकते. गाडी खडबडीत रस्त्यासाठीच्या वरच्या, म्हणजे ऑफ-रोड उंचीवर घेतली की घडी उलगडते आणि तेथे मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक, न थांबता येताना दिसतात. काही चिरा याच्या नेमक्या उलट, खालच्या उंचीवरच उघडतात. दोन्ही उंचींवर पाहावे.

गाडीखाली शिरण्यापूर्वी

येथे थोडक्यात पण ठामपणे सांगतो. एअर सस्पेन्शनवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने डोके किंवा हात घालू नये. पाइप सुटला, व्हॉल्व्ह उघडला किंवा नियंत्रकाने स्वतःहून उंची बदलली, तर अडीच टनांची गाडी क्षणात खाली येते. गाडी लिफ्टवर घ्यावी किंवा चेसिसखाली भक्कम स्टँड लावावेत. नुसत्या जॅकवर विसंबू नये. कोणताही पाइप सोडण्याआधी स्कॅनरच्या साहाय्याने यंत्रणेतील दाब उतरवावा. दाबाखालील पाइपाचे नट सैल केले, तर पाइप आणि धूळ थेट डोळ्यांकडे येते, म्हणून चष्माही लावावा.

दाब उतरवल्यावर आणखी एक पथ्य पाळावे लागते. रिकाम्या स्प्रिंगवर गाडीचे पूर्ण वजन टाकू नये. घडी चुकीच्या जागी पडते, रबर चिमटते आणि काल ठीक असलेली स्प्रिंग आज गळू लागते. स्प्रिंगमध्ये थोडी हवा भरल्यानंतरच गाडी चाकांवर सोडावी.

जुना आणि नवा कंप्रेसर एकच समजणे

डिस्कव्हरी 3 आणि सुरुवातीच्या डिस्कव्हरी 4 मध्ये हिताची बनावटीचा कंप्रेसर असे. पुढे कंपनीने एएमके बनावटीचा कंप्रेसर स्वीकारला आणि जुन्या गाड्यांनाही आता बहुधा तोच बसवला जातो. तो अधिक शांत चालतो, हे खरे. परंतु दोघांचे ब्रॅकेट वेगळे, वायरची जोडणी वेगळी आणि हवा भरण्याचा वेगही वेगळा आहे. त्यामुळे हिताचीच्या जागी एएमके बसवताना सोबत येणारे ब्रॅकेट आणि जोडवायर वापरावी लागते आणि सस्पेन्शन नियंत्रकाचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे लागते. हा टप्पा गाळला, तर नियंत्रक नव्या कंप्रेसरकडून जुन्याच्या चालीची अपेक्षा धरतो आणि कंप्रेसर पूर्ण निरोगी असतानाही बिघाडाची सूचना पुन्हा येते. मग नवा कंप्रेसरही सदोष निघाला म्हणून दुकानदाराशी वाद सुरू होतो. सॉफ्टवेअर भरताना बॅटरीला बाहेरून योग्य चार्जर जोडलेला असावा. मध्येच विद्युतदाब पडला, तर कंप्रेसर राहतो बाजूला आणि नियंत्रकाचाच खर्च उभा राहतो.

नाना पेठेत रोज खपणाऱ्या गाड्यांचे सुटे भाग हातोहात मिळतात, हा कंप्रेसर मात्र बहुधा मागवावा लागतो. मागवताना मॉडेलचे नाव सांगून थांबू नये, चेसिस क्रमांक द्यावा. अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या निनावी प्रतींविषयी माझे मत प्रतिकूल आहे. बाहेरून त्या हुबेहूब दिसतात, पण ड्रायरमधील दाणे आणि रिंगचा दर्जा उघडल्याशिवाय कळत नाही, आणि बिघाड नेमका याच दोन ठिकाणी होतो. रिंग आणि ड्रायरचे दाणे बदलण्याचा संच मिळतो, तो मला त्यापेक्षा बरा वाटतो. मात्र सिलिंडरच्या आतील भिंतीवर ओरखडे नसतील तरच. बोट फिरवल्यावर रेघ जाणवली, तर नवी रिंगही तेथे फार दिवस तग धरणार नाही.

जीप ग्रँड चेरोकीच्या 2011 नंतरच्या मॉडेलमध्ये मात्र वेगळाच प्रकार आहे. तिचे एअर सस्पेन्शन बंदिस्त पद्धतीचे असून त्यात नायट्रोजन भरलेला असतो. बाहेरची हवा ओढणाऱ्या गाड्यांच्या सवयीने त्यात साधी, दमट हवा भरणे ही शुद्ध चूक होय.

किरकोळ पैशांची बचत

नवा कंप्रेसर आणि जुना रिले ही जोडी फार ठिकाणी दिसते. रिंग झिजलेला कंप्रेसर तासन्‌तास चालत असताना तो सगळा प्रवाह बॉनेटखालील फ्यूजपेटीतल्या रिलेमधूनच गेलेला असतो. त्याचे संपर्क काळवंडतात आणि विद्युतदाब कमी पोहोचतो. याउलट ते एकमेकांना चिकटले, तर चावी काढल्यावरही कंप्रेसर चालूच राहतो. बॅटरी उतरते, आणि नवा कोरा कंप्रेसर एका रात्रीत जळू शकतो. रिले त्याच क्षमतेचा आणि नवाच घ्यावा. पिना जुळतात म्हणून हॉर्नचा किंवा पंख्याचा रिले तेथे खोचू नये.

तीच गोष्ट पाइपाच्या जोडणीची. या गाड्यांत नायलॉनचे पाइप असतात आणि नटाच्या आत एक बारीक पितळी कडी पाइपाला दातांनी पकडून ठेवते. नट काढला की ती कडी जुन्या पाइपावर रुतून बसलेली राहते. घाईत तोच पाइप कडीसह नव्या कंप्रेसरमध्ये ढकलला जातो, किंवा कडी ओरबाडून काढताना पाइपावर लांब ओरखडा पडतो. त्या ओरखड्यातून जी हवा जाते, ती साबणाच्या पाण्यालाही एकदम दिसत नाही. ताज्या जोडणीभोवती पाच-दहा मिनिटांनी पांढऱ्या फेसाची कडा तेवढी जमते. योग्य रीत अशी की कडीच्या मागून पाइपाचा थोडा भाग पाइप-कटरने काटकोनात कापून टाकावा, कडेचे बारीक तूस काढावे, नवी जोडणी बसवावी आणि पाइप शेवटपर्यंत आत गेल्याची खात्री करून मगच नट आवळावा. ब्लेडने तिरका कापलेला पाइप रबरी रिंगवर नीट बसत नाही. पाइप सहज सरकावा म्हणून ग्रीस किंवा गंज सोडवणारे तेल लावण्याची सवयही येथे घातक आहे. हा कंप्रेसर तेलाविना चालणारा आहे. आत गेलेले तेल ड्रायरचे दाणे निकामी करते.

पाइप सोडल्यावर त्याच्या तोंडात पांढरी भुकटी किंवा खडूच्या लगद्यासारखा थर दिसला, तर काम तेथेच थांबवावे. ड्रायर फुटला आहे आणि भुकटी पुढे गेली आहे. व्हॉल्व्ह ब्लॉक काढून स्वच्छ करणे किंवा बदलणे आणि पाइपांतून कोरडी हवा मारणे, हे झाल्याशिवाय नवा कंप्रेसर जोडू नये. मालकाला वाढीव खर्च सांगणे जड जाते, हे मान्य. पण काही महिन्यांनी तीच गाडी परत आल्यावर सांगणे त्याहून जड जाते.

बसवताना आणि बसवल्यानंतर

डिस्कव्हरीचा कंप्रेसर गाडीच्या डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या पुढे, आच्छादनाखाली असतो. खंबाटकीपलीकडच्या शेतरस्त्यांवरून किंवा मुळशीच्या चिखलातून फिरलेल्या गाडीचे हे आच्छादन उघडले की आत लाल मातीचा ओला थर हाताला लागतो. कंप्रेसरची उष्णता त्यामुळे कोंडते आणि बोल्ट गंजतात. बोल्टवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, पाइपांच्या तोंडांपासून ते दूर ठेवावे आणि जोर लावून बोल्ट तोडू नये. जागा धुऊन, पूर्ण वाळवून मगच नवा कंप्रेसर चढवावा. कंप्रेसरचे हादरे शोषणारे रबरी बुश नवेच वापरावेत. जुने, दबलेले बुश ठेवले, की कंप्रेसरची घरघर थेट केबिनमध्ये येते आणि मग आवाजाची नवी तक्रार घेऊन गाडी परत येते. हवा ओढण्याचा फिल्टर याच वेळी बदलावा. त्याच्यासाठी पुन्हा सगळे उघडणे परवडत नाही.

पहिल्यांदा हवा भरताना घाई करू नये. टाकी आणि चारही स्प्रिंग रिकाम्या असतील, तर नव्या कंप्रेसरला त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम पहिल्याच तासात करावे लागते. गाडीचे वजन लिफ्टने किंवा जॅकने थोडे उचलून धरावे, इंजिन चालू ठेवावे, दरवाजे बंद ठेवावेत, कारण दरवाजा उघडा असेल तर उंची बदलत नाही, आणि मध्ये मध्ये कंप्रेसरला थंड होऊ द्यावे. नियंत्रकाने तापमानामुळे थांबवले, तर तो बिघाड समजू नये.

कंप्रेसर बदलल्यावर चारही कोपऱ्यांच्या उंचीचे कॅलिब्रेशन, म्हणजे उंची मोजून नियंत्रकात नव्याने नोंदवणे, करून घ्या, असा आग्रह काही ठिकाणी धरला जातो आणि त्याचे वेगळे पैसेही लावले जातात. उंची मोजणाऱ्या सेन्सरना किंवा त्यांच्या दांड्यांना हात लावलेला नसेल, तर त्याची गरज नाही. जुने कोड पुसणे, गाडी सर्व उंचींवर वर-खाली करून पाहणे आणि रात्रभराची टेपची चाचणी पुन्हा घेणे, एवढे मात्र टाळू नये.

बसलेली गाडी रेटत गॅरेजपर्यंत आणण्याचा मोह अनेकांना होतो. रबरी ठोकळ्यांवर टेकलेल्या गाडीला पुण्यातले स्पीडब्रेकर दाखवले, तर कंप्रेसरच्या खर्चात स्प्रिंग, बुश आणि कधी कधी शॉकअब्सॉर्बरची भर पडते. सपाट फळीचा टोइंग ट्रक बोलवावा आणि गाडी चेसिसला नव्हे, चाकांना बांधायला सांगावे. चेसिसला ताणून बांधलेल्या गाडीने वाटेत उंची बदलली, तर पट्टे सैल तरी पडतात किंवा तुटतात तरी. सोसायटीच्या तळघरात गाडी बसली असेल, तर उतारावरून ओढताना पुढचा बंपर आणि खालचे आच्छादन जमिनीला घासते. अशा वेळी चाकांखाली फळ्या घालून किंवा स्प्रिंगमध्ये बाहेरून कोरडी हवा भरून गाडी आधी थोडी उचलावी. काढलेला जुना कंप्रेसर मात्र भंगारात देऊ नये. सिलिंडर शाबूत असेल तर रिंग आणि दाण्यांचा संच घालून तो सुका, तोंडे बंद करून ठेवावा, म्हणजे पुढचा नवा भाग येईपर्यंत गाडी उभी राहणार नाही.